मधुमेह टाळण्यासाठी मेदाचं पचन अडवावं का?

शेवगा: जेवणातलं तेल-तूप जसंच्या तसं रक्तात जात नाही. पित्तामुळे त्याचे बारीक थेंब होतात आणि स्वादुपिंडातलं लायपेज हे विकर (एन्झाइम) त्यातून मेदाम्लं सुटी करतं. ऑर्लिस्टॅट ही गोळी लायपेजलाच निकामी करते, त्यामुळे साधारण 30 टक्के मेद न पचता बाहेर पडतो. स्वीडनमधल्या झेंडोस चाचणीत (2004) 3,305 स्थूल लोकांना चार वर्षं तपासलं. गोळी घेणाऱ्यांत मधुमेहाचा धोका 37 टक्क्यांनी कमी दिसला. साखर सीमेवर, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असलेल्या स्थूल माणसाला ती द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

कोरडवाहू: मला पटत नाही. शंभरातल्या 9 जणांऐवजी 6 जणांना मधुमेह झाला, त्याचे हे 37 टक्के. शिवाय गोळीवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी चाचणी मध्येच सोडली. तेलकट जुलाब, कपड्यांना डाग आणि वर अ, ड, ई, के जीवनसत्त्वं कमी शोषली जाणार. लायपेज आपलं काम चोख करतंय. घोटाळा होतो तो गरजेपेक्षा जास्त खाण्यामुळे. ती चरबी यकृतात साठते आणि इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते.

शेवगा: सीमेवरच्यांचे आकडे वेगळे काढून बघा ना! त्यांच्यात शंभरी 29 चे 19 झाले. आणि आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता.

मंजिरी_ताई: दोघांनाही एक विनंती, "मधुमेह म्हणजे स्थूलपणा" हे आधी डोक्यातून काढा. माझ्या भावाचं स्वादुपिंड जुन्या दाहाने खराब झालं आणि मधुमेह त्यातूनच आला. तो वाळत चालला होता, शौचाला तेलाचा तवंग यायचा, तरी बरेच दिवस डॉक्टर फक्त मधुमेहाच्या गोळ्या वाढवत होते. लायपेज दहा टक्क्यांच्या आसपास उरेपर्यंत हे लक्षणच दिसत नाही. आता प्रत्येक जेवणाबरोबर तो विकरांची कॅप्सूल घेतो. अशा माणसाने ऐकीव माहितीवर ऑर्लिस्टॅट घेतलं तर? वजन आपोआप घटत असेल तर आधी शौचातलं इलास्टेज (स्वादुपिंडातलंच आणखी एक विकर) तपासून घ्या.

शेवगा: ताई, शंभर टक्के मान्य. मी स्थूल लोकांपुरतंच बोलतोय.

कोरडवाहू: तिथेच तर अडतं. झेंडोसमधले सगळे 30 किंवा त्याहून जास्त बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजनाचं माप). आपल्याकडे 25-26 बीएमआयवरही साखर चढते. भारतातल्याच लोकांवर झालेल्या चाचणीत (2006) आहार-व्यायामाने धोका 28.5 टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने 26.4 टक्क्यांनी उतरला. ते सोडून आधी ही गोळी कशासाठी?