मालदीवचं रिसॉर्ट: सोलापूरकरांचे अनुभव

मालदीवच्या मोठ्या रिसॉर्टात राहून आलेल्यांनी इथे लिहावं, नावाऐवजी सोलापुरातला आपला भाग टाकावा. सूर्यास्ताचं वर्णन नको. पैसे, वेळ, खाणं आणि पाणी यावर बोला.

सात रस्ता
खोलीच्या दरापुढे दोन अधिक चिन्हं असली की तो दर अर्धवट समजायचा. ४०० डॉलरवर १० टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ४४०. त्या ४४० वर १७ टक्के पर्यटन जीएसटी, म्हणजे ५१४.८०. वर ग्रीन टॅक्स माणशी रोज १२ डॉलर. दोघांची एक रात्र ५३८.८० ला पडते, आणि यात जेवण धरलेलं नाही. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारी भूक लागली तर बेटावर दुसरं दुकान नसतं, मेनूकार्डावरचा भाव मुकाट द्यायचा. हाफ बोर्डात बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या बाटलीचेही पैसे लागतात. मुलं बरोबर असतील तर फुल बोर्ड (तिन्ही वेळचं खाणं) किंवा ऑल इन्क्लुझिव्ह (पेयांसकट सगळं) हेच परवडतं.

जुळे सोलापूर
सगळा खेळ सीप्लेनचा, म्हणजे मालेहून बेटावर नेणाऱ्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा आहे. ते फक्त उजेडात उडतं, म्हणून माले विमानतळावर दुपारी साडेतीनच्या आत उतरणारंच तिकीट काढा. उशीर झाला तर विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर मुक्काम, आणि रिसॉर्टची ती रात्र भरलेली असूनही वाया. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशीचं विमान धरू नये. गाडी लेट झाली की पुढचं सगळं कोसळतं. आदल्या दिवशीच मुंबई गाठा. सीप्लेनला सामान २० किलो आणि हातातलं ५, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. रिसॉर्ट टॉवेल देतं, त्यामुळे आपले सोलापुरी टॉवेल घरीच राहू द्या. बेट मालेजवळ असेल तर स्पीडबोट असते, ती रात्रीही चालते आणि स्वस्तही पडते.

विमानाच्या आधीच्या ९६ तासांत इमुगा, म्हणजे मालदीवमध्ये प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट खोटी. पूजेची मूर्ती नेता येत नाही. ड्यूटी फ्रीची बाटली कस्टम ठेवून घेतं. पावती सांभाळली तर परतताना मिळते.

पूर्व भाग
शाकाहारी लोकांनो, नाश्त्याला ओल्या नारळाच्या कोशिंबिरीसारखं दिसतं ते मास हुनी. त्यात ट्यूना मासा बारीक कुस्करलेला असतो, वर कांदा, मिरची आणि लिंबू. नुसतं बघून कळत नाही. रश्श्यांतही मासा असू शकतो, म्हणून ‘मासा नको, माशाचं पाणीही नको’ असं शेफला पोचल्याबरोबर सांगा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्यायचीच असेल तर चटणी दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर तेल कपड्यांना लागतं.

होटगी रोड
पाण्यावरच्या खोलीचे जास्त पैसे मोजूनही खाली नुसती वाळू निघते. बुकिंगआधी ‘हाउस रीफ (बेटालगतचं प्रवाळ) कोणत्या बाजूला, किती मीटरवर?’ एवढं विचारा. स्नॉर्केलिंगला (नळीने श्वास घेत, तोंड पाण्यात ठेवून पोहताना) मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपतं, कारण सिलिकॉनची कड केसांवर बसत नाही. मिशीचे नाकाखालचे केस कातरा. जाताना प्रवाहाच्या उलट पोहा, म्हणजे दमल्यावर परतीला प्रवाहच आणतो. टायटन ट्रिगरफिश हा घरटं राखणारा मोठा मासा अंगावर आला तर वर पळू नका. घरट्यापासून वर रुंदावत जाणाऱ्या शंकूएवढी जागा तो आपली मानतो, म्हणून आडवं निघायचं. पाठ जळते ती पाण्यातच. सोलापूरचं ऊन सोसणारेही तिथे सोलून निघतात, तेव्हा लांब बाह्यांचा स्विमिंग शर्ट घ्या. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका, कायद्याने मनाई आहे.

विजापूर रोड
दोन गोष्टी. खोलीत बहुधा इंग्लंडसारखी चौकोनी तीन पिनांचं सॉकेट असतं, अडॅप्टर घ्या. आणि काही रिसॉर्टं स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. परतीच्या सीप्लेनची वेळ आदल्या संध्याकाळी कळते. ती बेटाच्या घड्याळाची की मालेच्या, हे काउंटरवर विचारून लिहून घ्या.