आवडत्या शहरात पुन्हा, या वेळी आपल्या माणसांना घेऊन : तुमचे अनुभव

२०१४ साली ऑफिसच्या कामाने चार दिवस लिस्बनला गेले होते. एकटीच. काम आटोपलं की अल्फामाच्या बोळांतून पाय दुखेपर्यंत चढउतार करायची. तेव्हाच मनात घेतलं होतं, इथे आईला आणायचं. योग यायला नऊ वर्षं लागली. २०२३च्या ऑक्टोबरात आई, मावशी, नवरा आणि लेक अशी वरात निघाली.

आई डिचोलीची. गोवा मुक्त झाला तेव्हा ती दहा वर्षांची, पुर्तुगेज शाळेत प्रिमेर ग्रावला, म्हणजे प्राथमिकला. पुढे लग्न होऊन पुण्याला आली आणि ती भाषा मागेच राहिली, असं आम्ही सगळे समजत होतो.

पहिल्या संध्याकाळी दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात शिरलो, तर आई पाट्याच वाचत सुटली. बटाट्यावर ‘बटाटा’. अननसावर ‘अनानाश’. कोबीच्या एका भावंडावर ‘कोव’. नासपतीच्या ढिगावर ‘पेरा’. मावशी म्हणाली, “नासपतीला पेरू म्हणतात होय हे लोक? वेडेच आहेत.” वेडे कोण हा प्रश्नच आहे, कारण आपला पेरू त्यांच्या ‘पेरा’वरूनच आला म्हणतात. गल्ल्यावर आईने नाणी ओळीत मांडली आणि मोजायला लागली, “उम, दोइश, त्रेश...” मागे रांग लागलेली. गल्ल्यावरची बाई हनुवटीला हात लावून ऐकत राहिली. घाई केली नाही, हे त्या बाईचे उपकार.

दुसऱ्या दिवशी लिस्बनच्याच बेलें भागातला जेरोनिमुश मठ. चर्चमध्ये शिरल्या शिरल्या डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी. समाधी म्हटलं की आईचे हात आपोआप जुळतात. तसे ते छातीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. तिने पदर सारखा केल्यासारखं करून खाली घेतले. दगडातला गामा मात्र हात जोडूनच निजलाय. “कोचीला मेला ना हा? मग इथे कसा?” मी सांगितलं, १५२४ साली कोचीलाच वारला, अस्थी नंतर आणल्या. “बरं,” एवढंच म्हणाली आणि पुढे गेली. २०१४ला मी याच जागी उभं राहून खांबांवरचं कोरीवकाम बघत होते. समाधी पाहिल्याचं आठवतसुद्धा नाही.

तुम्हीही कधी आवडलेल्या शहरात परत गेला असाल, घरच्यांना नाहीतर मित्रमंडळींना घेऊन, तर लिहा. फजिती झाली असेल तर आधी ती.

* * *

फजितीच सांगतो. कॉलेजचे आम्ही चौघे, पन्नाशी पार. रोम मी २००९ला पाहिलेलं, म्हणून मीच पुढारी. पँथिऑनला तिकीट नाही, सरळ आत जायचं, असं विमानापासून सांगत होतो. जाऊन बघतो तर २०२३पासून ५ युरो तिकीट आणि ही लांब रांग. तिथून पुढे माझं प्रत्येक वाक्य “२००९ सालचं का रे?” असं तपासून घेतलं जाऊ लागलं.

अब्रू वाचवली नळांनी. रोममध्ये रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे बुटके खांब असतात, खाली वळलेल्या नळीतून गार पाणी अखंड वाहत असतं, फुकट. तोटीला नाकासारखा बाक, म्हणून नाव नाझोनी. खालून बोटाने तोंड बंद केलं की नळीच्या पाठीवरच्या भोकातून पाणी वर उडतं आणि भांड्याशिवाय पिता येतं. हे दाखवल्यावर तिघांनी दिसेल तो खांब दाबला. चष्मे, शर्ट, सगळं ओलं. मित्रांच्या रोमच्या फोटोंत कोलोसियम दोन आणि नळ अकरा.

* * *

आमचं बुडापेस्ट. नवरा आणि मी आधी दोघंच जाऊन आलो होतो, नंतर सासूसासऱ्यांना नेलं. सेचेनीच्या गरम पाण्याच्या स्नानगृहात न्यायचं की नाही यावर घरात आठवडाभर चर्चा. १९१३ सालची पिवळी राजेशाही इमारत, मधे उघड्यावर वाफाळणारे हौद. सासूबाईंनी बाहेर बाकावर बसून विणकाम करणं पसंत केलं. सासरे म्हणजे सातारचे निवृत्त मास्तर, मुलासमोरही बनियनशिवाय न वावरणारे. टॉवेल घट्ट धरून पाण्यापर्यंत आले, चारी बाजूंना बघितलं आणि पटकन बुडाले.

तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून म्हातारे बुद्धिबळ खेळतात. सासरे आधी लांबून बघत होते. मग पटाजवळ. मग एकाने हाताने ‘या’ म्हटलं. त्यांना हंगेरियन येत नाही, त्याला मराठी येत नाही. दोन डाव झाले, एक हरले, एक बरोबरीत. बोटांच्या सुरकुत्या पार पांढऱ्या पडल्या तरी बाहेर निघेनात. शेवटी सासूबाईच दारापर्यंत येऊन हाक मारून गेल्या. आम्ही पहिल्या खेपेला तिथे फक्त सेल्फी काढले होते.

* * *

माझं मत वेगळं. २०११ला पाठीवर पिशवी टाकून एकट्याने प्राग पाहिलं. पहाटे सहाला चार्ल्स पुलावर मी, धुकं आणि पुतळे. गेल्या वर्षी बायको आणि दोन मुलांना नेलं. पहाटे कोणी उठलं नाही. अकराला गेलो तर पुलावर गणपतीच्या दहाव्या दिवशीचा लक्ष्मी रोड. मुलांना आठवतं ते फक्त आइसक्रीम भरलेलं त्रदेलनीक, म्हणजे भाजलेल्या पिठाचं गोड नळकांडं, जे म्हणे मूळचं तिथलं नाहीच. मी दोन दिवस उगाच चिडचिड केली, कारण त्यांना माझं प्राग दिसत नव्हतं. पुढच्या वेळी नवीन गाव, सगळ्यांना सारखंच अनोळखी.

* * *

वरच्या चिडचिडीला अनुमोदन, पण बाबांमुळे माझं वाचलं. ते बांधकाम खात्यातून निवृत्त. २०२२ला त्यांना पॅरिसला नेलं, तर २०१९च्या आगीनंतरचं नोत्र दाम कॅथेड्रल कुंपणाआड. मी हळहळले. बाबा मात्र कुंपणावरचे दुरुस्तीचे फलक चष्मा वरखाली करत तासभर वाचत राहिले, फ्रेंच येत नसताना. डिसेंबर २०२४ला ते उघडलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याच हट्टाने पुन्हा गेलो. माझ्या आठवणीतलं आतलं काळपट गांभीर्य गेलंय, दगड घासून सायीसारखा झालाय. मला रुचलं नाही. बाबा मान वर करून सगळी कमान नजरेने चालत गेले आणि म्हणाले, “काम चोख आहे. बिल पास करायला हरकत नाही.”

* * *

धागाकर्ती. ज्येष्ठांना लिस्बनची ट्राम २८ झेपते का, असं दोघांनी विचारलंय. झेपते, पण सकाळी लवकर आणि मार्तिम मोनिश या पहिल्याच थांब्यावरून चढा, नाहीतर उभ्याने धक्के खाल. पर्स पोटाशी धरा. आणि तिथल्या पांढऱ्या दगडी फुटपाथवर पाऊस पडला की शेवाळ्यासारखं सटकतं. आई एकदा घसरताना वाचली, म्हणून तिथेच रबरी तळाचे बूट घेतले. दुकानावर ‘सपातारिया’ लिहिलेलं. आई पाटीखाली थबकली. “सपाता! आमची आजी वहाणांना सपाताच म्हणायची.”

ते बूट ती आता पुण्यात भाजी आणायला घालते.