गिरणगावचं गाणं संपाने जगवलं की पगाराने?

परळकर:
शहर पेटलं की कला बहरते, असं हल्ली फार सहज बोललं जातं. शाहीर अण्णाभाऊ साठेंच्या जयंतीला तर हमखास. मला हे पटत नाही, आणि गिरणगावाकडे, म्हणजे मुंबईतल्या परळ-लालबागच्या कापड गिरण्यांच्या वस्तीकडे पाहून तर मुळीच नाही.

1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांनी कम्युनिस्ट चळवळीचं लालबावटा कलापथक उभं केलं. तेव्हा परळ-लालबागेत काय होतं ते आधी पाहा. पाळ्यांमध्ये चालणाऱ्या गिरण्या, दर महिन्याचा पगार, एकेका खोलीत एका गावची दहा-पंधरा माणसं. भजनी मंडळं होती, कोकणातल्या मंडळींचे शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे सवाल-जवाबाच्या गाण्यांचे सामने होते, घाटावरच्यांना तमाशाची ओढ होती. कलापथकाला श्रोता नव्याने घडवावा लागला नाही. ढोलकी-तुणतुण्यासाठी तो आधीच मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या खिशात थोडे पैसे होते. लढ्याने या गाण्याला विषय दिला. पोट पगाराने भरलं.

पुरावा हवा असेल तर 1982 घ्या. 18 जानेवारीला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. एवढी मोठी उलथापालथ गिरणगावाने दुसरी पाहिलेली नाही. मग सर्वांत मोठी शाहिरी त्यातून यायला हवी होती ना? झालं उलटंच. माणसं गावाकडे परतली, भजनाला टाळकरी मिळेनात. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड रात्र जागवायचे, तेही पुढे बंद पडलं.

डफवाला:
परळकर, ‘विषय दिला’ म्हणून तुम्ही लढ्याला फार स्वस्तात सोडवलंत. लढ्याने गाण्याचा घाट बदलला. सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच मातीतून लोकनाट्य उभं केलं. तमाशाच्या सुरुवातीला गणेशाऐवजी मायभूमीला आणि शिवबाला वंदन केलं, कृष्ण-गवळणींचा ‘गवळण’ हा भाग काढून टाकला. हे काही पगारवाढ झाली म्हणून सुचलं नाही.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं घ्या. मुंबईला आलेला कामगार आणि मागे राहिलेली बायको, हा विरह लोकांच्या ओळखीचा होता. पण संयुक्त महाराष्ट्राचा लढा नसता, तर त्या मैनेशी बेळगाव-कारवार कोणी जोडलं असतं? 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, माणसं मेली. त्या काळात ही छक्कड ऐकणाऱ्याला आपलं घर आणि आपलं राज्य यांची तूट एकाच वेळी जाणवत होती. नुसत्या पगारावर तेच जुने फड आणखी चार रात्री चालले असते, इतकंच.

नायगावची सून:
तुम्ही दोघेही गिरणीच्या भोंग्यापाशीच थांबलात. बाबासाहेबांचा विचार गाण्या-नाट्यातून सांगणारे आंबेडकरी जलसे कुठे गेले? भीमराव कर्डकांचा जलसा 1930 च्या दशकात गावोगाव फिरत होता. कवी-गायक वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करत लिहू लागले. शाहीर विठ्ठल उमप इथलेच, नायगावचे. 1982 नंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, पण भीमगीतं थांबली नाहीत. कॅसेटींवर ती घराघरात गेली, आणि 6 डिसेंबरला आजही चैत्यभूमीच्या वाटेवर ऐकू येतात. ज्या लोकांकडे पगाराची खात्री कधीच नव्हती त्यांनी हे गाणं धरून ठेवलं. परळकर, तुमच्या हिशोबात हे बसत नाही.

परळकर:
ताई, मुद्दा वजनाचा आहे. पण त्या गाण्यामागेही दर वर्षी हटकून येणारा दिवस आहे, वस्ती आहे, वर्गणी काढणारी मंडळं आहेत. म्हणजे रुजलेली व्यवस्था आहेच. गिरणगावची तीच मोडली, एवढंच माझं म्हणणं.

आणि कलाकाराचं काय होतं तेही बोलू. अण्णाभाऊ 1969 मध्ये गोरेगावच्या सिद्धार्थनगरात हलाखीत गेले. दलित शाहीर विलास घोगरे मुलुंडच्या झोपडपट्टीत राहून लिहायचे, गायचे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि पुढच्या काही दिवसांत घोगऱ्यांनी आयुष्य संपवलं. ‘अशांततेत कलाकार फुलतो’ हे वाक्य त्यांच्या घरच्यांसमोर कोणाला म्हणता येईल का?

डफवाला:
नाही येणार, आणि मी तसं म्हणतही नाही. गाणं वाढणं आणि गाणारा सुखात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लढ्याने गाणं मोठं केलं आणि गाणाऱ्याला वाऱ्यावर सोडलं, हेच तर या शहराचं लाजिरवाणं सत्य आहे. चळवळीला शाहीर सभेच्या आधी गर्दी जमवायला हवा असतो. सभा संपली की त्याच्या भाड्याची चौकशी कोण करतो? यात पक्ष डावे होते की उजवे, फरक पडत नाही. पण म्हणून त्या गाण्यांचं श्रेय पगाराच्या पाकिटाला देऊ नका. लालबाग-परळात पगार सगळ्यांनाच मिळत होता, अण्णाभाऊ एकच झाले.

नायगावची सून:
आता जागेचं बोला. परळचं दामोदर नाट्यगृह 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं. कामगार रंगभूमी, कोकणातलं नमन, शक्ती-तुरा, सगळ्यांचा हक्काचा मंच होता तो. कामगारांच्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. चाळीच्या पटांगणात रात्री ढोलकी वाजली तर शेजारी येऊन बसत. टॉवरमध्ये त्याच ढोलकीसाठी सोसायटीची परवानगी काढावी लागणार. परळकर, डफवाले, तुमच्यापैकी जो कोणी बरोबर असेल तो असो. नव्या इमारतींमध्ये तालमीसाठी परवडणाऱ्या भाड्याचा एक हॉल ठेवा, ही मागणी रहिवासी संघाच्या पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे. तुम्ही दोघे येणार का?

डफवाला:
येतो. फक्त हॉल कोणाला द्यायचा हे सोसायटीने ठरवायचं नाही, हे आधी लिहून घ्या. नाहीतर शाहिराला पहिल्याच दिवशी ‘राजकीय कार्यक्रम’ म्हणून दारातून परत पाठवतील.