वादळाचा इशारा आला की तळमजला आधीच रिकामा करावा का?

खाडीकाठ, नेरुळ

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय, किनाऱ्याला धरून ते उत्तरेकडे सरकतंय, आणि पौर्णिमा तोंडावर आहे. काल सोसायटीच्या मिटिंगमध्ये मी एवढंच सुचवलं की इशारा पिवळ्याचा नारिंगी झाला की तळमजल्यावरच्या कुटुंबांनी त्याच दिवशी उजेडात वरच्या मजल्यांवर शेजाऱ्यांकडे यावं. अर्ध्या लोकांनी उडवून लावलं. "२०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाच्या वेळी काय झालं? अंगावर आलं की बघू."

माझं म्हणणं असं की आपल्याकडे वाऱ्यापेक्षा पाण्याची धास्ती मोठी आहे. खाडीलगतचे आपले सेक्टर खाजणावर भराव घालून वसवलेत, आणि त्यातला बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणूनच सिडकोने धारण तलाव केले. भरती चढली की झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. आज त्या तलावांत गाळ साचलाय, गाळात कांदळवन उगवलंय, आणि कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर कोर्टाची परवानगी लागते. तलावात जागाच उरली नाही तर पाणी थांबणार कुठे? वादळात वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे लोटतो. भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि उतरायलाही वेळ घेते. तेवढा वेळ झडपा बंद, आणि वरून पाऊस.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा पाणी कुठून येतं. रस्त्यावरून ते नंतर येतं. आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे येतात, मग संडासाच्या भांड्यातून काळं पाणी वर चढतं. दाराला फळी लावून काही उपयोग होत नाही.

घोडबंदरवाला

मला हे पटत नाही. मी सक्तीच्या आणि घबराटीच्या साफ विरोधात आहे. २०१९ ला 'वायू' आलं, गुजरातकडे गेलं. २०२३ ला 'बिपरजॉय', तेही कच्छमध्ये जखाऊला धडकलं. दर वेळी आपल्याकडे बातम्यांचा तोच गदारोळ, दुकानांत दूध-बटाट्यांसाठी झुंबड, आणि दोन दिवस हातावर पोट असलेल्यांचा रोज बुडतो. माझं छोटं दुकान आहे. कामावरच्या मुलांना सुट्टी दिली तर त्यांचा पगार मी देतो, पण नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुराला कोण देणार?

आणि माणसं खरी कशाने मरतात ते बघा. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी होर्डिंग कोसळून १७ जण गेले. तेव्हा चक्रीवादळ नव्हतं, संध्याकाळची वावटळ होती. आमच्या रस्त्यावर आजही कितीतरी होर्डिंग उभी आहेत, झाडांच्या वाळलेल्या फांद्या तारांवर टेकल्यात. महापालिकेने आणि सोसायट्यांनी ती कामं करावीत. माणसांना बिछाने घेऊन जिन्यात कशाला फिरवायचं?

खाडीकाठ, नेरुळ

होर्डिंगचं शंभर टक्के मान्य. पण "निसर्गच्या वेळी काही झालं नाही" हे श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगरच्या माणसाला सांगून बघा. नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या, घरांवर पत्रा राहिला नाही. ३ जून २०२० रोजी ते वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येकडे गेलं. आपण त्याच्या डाव्या हाताला होतो. डाव्या बाजूला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो पाणी आत लोटत नाही. तेच केंद्र थोडं उत्तरेला चढलं असतं तर आपण उजव्या बाजूला आलो असतो.

अलिबाग ते नेरुळ सरळ रेषेत ५० किलोमीटरही नाही. चोवीस तास आधीच्या अंदाजातसुद्धा वादळाचा मार्ग याहून जास्त सरकू शकतो. हवामान खातं चुकतं असं मी म्हणत नाही. त्यांचं काम खूप सुधारलंय. पण "आपल्याकडे येणार नाही" ही खात्री एक दिवस आधी कुणीच देऊ शकत नाही, आणि माणसं हलवायची तर तोच दिवस हातात असतो.

जुनं ठाणं

१८८२ च्या जूनमध्ये मुंबईत वादळाने एक लाख माणसं मेली असा मेसेज परत फिरतोय. आमच्या इमारतीतल्या आजी रात्रभर झोपल्या नाहीत. खरं आहे का हे?

ऐरोलीकर

खोटं आहे. इतकी माणसं गेली असती तर त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी दप्तरात रकानेच्या रकाने भरले असते. तसं काही नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये मात्र मुंबईला खरंच मोठं वादळ लागलं होतं. आजींना तेवढं सांगा आणि मेसेज पुढे पाठवू नका.

आता मूळ मुद्द्यावर. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. तळमजल्यावरच्या काकाही तसेच, त्यांना ऑक्सिजनचं यंत्र लागतं. मीटर रूममध्ये पाणी शिरण्याआधी वीज बंद करावी लागते, आणि ती गेली की लिफ्टही गेली. त्या माणसाला गुडघाभर पाण्यातून, अंधारात, खुर्चीत बसवून दोन जिने कसा चढवणार? दुपारी दोन वाजता तेच काम चार जण पंधरा मिनिटांत करतात. घोडबंदरवाले दादा, तुम्ही वावटळीचं म्हणता ते वाऱ्याचं झालं. तुमचं घर टेकडीच्या बाजूला आहे, तुमच्या मोरीतून खाडी येत नाही.

पण खाडीकाठ यांच्याशीही माझं भांडण आहे. तुम्ही फक्त सोसायटीचा विचार करताय. माझ्याकडे कामाला येणारी बाई कळव्याच्या पुढे पारसिकच्या उतारावर राहते. मुसळधार पाऊस लागला की तिथे दरड आणि संरक्षक भिंत या दोन्हीची भीती. ती घर सोडायला तयार नाही, कारण मागे कुलूप तुटतं आणि झोपडी राहील की नाही याची धाकधूक असते. तिच्यासाठी तुमच्या वरच्या मजल्यावर जागा आहे का?

दिवाळे बंदर

सगळे घराचं बोलताय. आमचं अर्धं घर पाण्यात असतं. १ जूनला मासेमारी बंदी लागते, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात जो तो शेवटची फेरी मारायला बघतो, आणि वादळं नेमकी तेव्हाच येतात. बावटा लागला की बोटी परत फिरतात. पुढची रात्र कशी असते ते ऐका. सगळ्या होड्या खाडीत दाटीने उभ्या. पाणी चढेल तसे दोर ढिले करायचे, उतरेल तसे ओढायचे, दोन होड्यांच्या मध्ये टायर धरायचे. एक दोर तुटला तर ती होडी पाच होड्या फोडते. माझ्या होडीला विमा नाही. म्हणून बायका-पोरं आसऱ्याला शाळेत जातात आणि बाप्ये बंदरावर राहतात. तुम्ही त्याला बेफिकिरी म्हणता.

तरी इशाऱ्याला हसू नका. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हे कामगारांच्या राहण्याचं बार्ज थांबून राहिलं. नांगर सुटले, बार्ज बुडालं, ७० हून जास्त माणसं गेली. इशारा आधीच होता.

घोडबंदरवाला

बार्जचं उदाहरण मी विसरलो नाही. तिथे निर्णय कामगारांच्या हातात नव्हता, वरच्यांच्या हातात होता. मी तेच म्हणतोय. निर्णय ज्याचा जीव त्याच्या हातात असू द्या, वॉचमनला दार बडवायला लावून सक्ती करू नका.

खाडीकाठ, नेरुळ

ओडिशाने हेच करून दाखवलंय. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १०,००० माणसं गेली. २०१३ ला 'फायलीन' आलं तेव्हा वेळेआधी जवळजवळ १० लाख लोक हलवले आणि बळी ५० च्या आत राहिले. गावोगाव निवारे बांधले, निरोप पोचवायला गावातलीच माणसं तयार केली, आणि वादळ येऊन गेल्यावर घरी परत सोडायची सोयही होती. विश्वास बसला म्हणून लोक निघाले.

ऐरोलीकर, आमच्या क्लब हाउसमध्ये पंचवीस माणसं झोपू शकतात. बाईंच्या कुटुंबासाठी मी आज कमिटीकडे रीतसर मागणी करतोय. नाही म्हणाले तर माझ्या घरी. आणि तळमजल्यावरच्यांनी आजच वाळूच्या पिशव्या भरून मोरीच्या जाळीवर आणि संडासाच्या भांड्यात ठेवायला घ्या, कागदपत्रं-औषधं वरच्या घरी द्या. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.

घोडबंदरवाला

पिशव्या, औषधं, आजारी माणसं आधी हलवणं, याला माझा विरोध नाही. होर्डिंगचा अर्ज मी उद्या सकाळी प्रभाग समितीत देतोय, त्यावर सह्या हव्यात. पण नारिंगी इशाऱ्यावर दुकानं बंद करायचा ठराव आणलात तर मी उभा राहून विरोध करणार. लाल झाला तर स्वतः शटर ओढेन.

दिवाळे बंदर

दुकानाचं तुमचं तुम्ही बघा. आम्हाला रात्री बंदरावर दोर धरायला माणसं कमी पडतात, आणि लाइट गेल्यावर दिसत नाही. वरच्या मजल्यांवर तरणी पोरं आहेत ना? संध्याकाळी सहाच्या आत पाठवा, येताना बॅटऱ्या आणि जुने टायर आणा. भरती चढायला लागल्यावर येऊ नका, तेव्हा आम्हाला तुमच्याकडेही लक्ष द्यावं लागेल.