जड सेटला गाणी लावावी की बंद ठेवावी?

दर्यापूर_व्यायामशाळा
आमच्या तालुक्याच्या व्यायामशाळेत पॉवरलिफ्टिंगची (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांत कमाल वजन उचलायचा खेळ) मुलं-मुली जिल्हा स्पर्धेची तयारी करतात. टिनाचं शेड, कोपऱ्यात मोठा स्पीकर. संध्याकाळी सहा ते आठ तो पूर्ण आवाजात असतो. मुलांचं म्हणणं, गाणं जोरात असलं की डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलणं) पाच-दहा किलो जास्त जातात. मला शंका आहे. गाण्यानं खरंच ताकद वाढते का? वाढत असेल तर कधी लावायचं, कोणत्या वेगाचं, किती आवाजात? स्पर्धेत तर आपलं गाणं मिळेलच असं नाही. जाणकारांनी नेमकं सांगावं.

लोखंड_अमरावती
सर, "ताकद" म्हणजे काय ते आधी वेगळं करून घ्या. एकदाच उचलायचं कमाल वजन ही एक गोष्ट आणि सत्तर टक्के वजनावर थकेपर्यंत रेप्स काढणं ही दुसरी (वजन एकदा वर-खाली केलं की एक रेप, सलग रेप्सचा एक सेट). गाण्याचा फायदा बहुतेक करून दुसऱ्या बाजूला दिसतो. सराव झालेल्या लिफ्टर्सवरच्या बेंच प्रेसच्या (बाकावर पाठीवर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) अभ्यासांत आवडीच्या गाण्यानं काही ठिकाणी रेप्स वाढल्या, काही ठिकाणी वाढल्या नाहीत, आणि कमाल वजनात फरक पडल्याचा पुरावा कमजोर आहे. २०२० मध्ये १३९ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात सगळे व्यायाम प्रकार होते. गाण्यानं मन प्रसन्न राहतं हा परिणाम सर्वांत मोठा निघाला. कामगिरीवरचा परिणाम खरा, पण लहान. हृदयाच्या ठोक्यांवर जवळपास काहीच नाही.

कारणही सरळ आहे. मध्यम कष्टाच्या सेटमध्ये लक्ष थकव्यावरून गाण्याकडे वळतं, म्हणून दोन रेप्स जास्त निघतात. नव्वद टक्क्यांच्या वर वजन गेलं की शरीराकडून येणारे इशारे इतके जोरदार असतात की गाणं मागे पडतं. तिथं मुलाला काय ऐकू येतंय यापेक्षा पाठ सरळ आहे का, श्वास धरलाय का, यावर लिफ्ट ठरते.

पण लिफ्टच्या आधी ऐकलेल्या गाण्याचं वेगळं आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठाचे कॉस्टास कारागिओर्गिस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ५० जणांची मुठीची पकड मोजली. उत्तेजक गाण्यानंतर पकड जास्त भरली, संथ गाण्यानंतर कमी. म्हणजे डेडलिफ्टच्या आधीची दोन-तीन मिनिटं कामाची आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी बरेच जण फोनवर रील बघत बसतात.

वेगाचं सांगायचं तर वॉर्मअपला गाण्याच्या ठेक्याचे मिनिटाला ११० ते १२०, कामाच्या सेटला १२० ते १४० ठोके. मोजायला ॲप लागत नाही, घड्याळ लावून १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारनं गुणा. डफड्याच्या रेकॉर्डिंगचा वेग पुढे वाढत जातो, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी दोनदा मोजा.

पंच_वर्धा
भाऊ, पंच म्हणून सांगतो, गाण्यानं पोट्टे लिफ्ट कशी घालवतात ते पाहा. बेंचला तीन हुकूम असतात: "स्टार्ट", छातीवर बार स्थिर झाला की "प्रेस", आन् मंग "रॅक". स्क्वॉटला (खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठणं) "स्क्वॉट" आन् "रॅक". डेडलिफ्टला सुरुवातीचा हुकूम नाही, फक्त शेवटी "डाउन". रोज ठेक्यावर बेंच मारणारा पोट्टा छातीवर थांबतच नाही, ठेका पडला की ढकलतो. "प्रेस" म्हणायच्या आधीच बार वर. तिघा पंचांपैकी दोघांचे लाल दिवे लागले की लिफ्ट गेली, वजन कितीही हलकं असो.

म्हणून स्पर्धेच्या आधीचे तीन-चार आठवडे जड सिंगल्स (एकेकच रेप) शांततेत घ्या. एकानं पंच व्हायचं, हुकूम मोठ्यानं द्यायचा, आन् "प्रेस"चा वेळ मुद्दाम कमी-जास्त करायचा. नाव पुकारून बार तयार झाला की एका मिनिटात सुरू करावं लागते, तेही घड्याळ लावून करा.

कानात बड्स घालून बेंचवर झोपू देऊच नका. स्पॉटरचं (बार सांभाळायला बाजूला उभा असलेल्याचं) "धरलं" ऐकू येत नाही. वायरवाला हेडफोन तर बारमध्ये अडकतो. अन् गोळाफेकवाले असतील तर त्याइले सांगा, ॲथलेटिक्सच्या नियमात स्पर्धेच्या जागेत फोन-रेडिओ चालत नाही.

मृण्मयी_पुसद
आवाजाबद्दल कोणी बोललं नाही, आणि टिनाच्या शेडमध्ये तोच मोठा प्रश्न आहे. पत्र्यावरून आवाज परत येतो, बोल कळत नाहीत, म्हणून मुलं आणखी वाढवतात. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्यांना आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, ९० डेसिबल ४ तास आणि १०० डेसिबल फक्त २० मिनिटं चालतात. रोजचे दोन तास म्हणजे सहा दिवसांचे बारा तास, तेव्हा ९० वर ती मर्यादा दोन दिवसांतच संपते. स्पीकर कोपऱ्यातून काढा, कारण कोपऱ्यात दणका फुगतो. तो भिंतीपासून तीन-चार फूट पुढे, कानाच्या उंचीवर ठेवा. समोरच्या पत्र्यावर जुन्या सतरंज्या किंवा कापसाची पोती टांगली की आवाज बराच स्वच्छ होतो आणि आपोआप कमी ठेवता येतो.

गाण्यानं फरक पडतो की नाही, ते मोजून बघा. कमाल वजनाच्या ७० टक्क्यांवर बेंच, तंत्र बिघडेपर्यंत. चार दिवस: दोन गाण्यासह, दोन शांततेत. कोणता दिवस कसला ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मध्ये किमान ७२ तास, तीच वेळ, तोच स्पॉटर, आणि चाचणीआधी चार तास चहा-कॉफी नाही. नाहीतर चहाचा परिणाम गाण्याच्या खात्यात जमा होतो. मोठ्यानं "चल, चल" ओरडणं दोन्हीकडे बंद. फरक एकाच रेपचा असेल तर तो रोजच्या चढउतारात जातो, त्यावरून काही ठरवू नका.

दर्यापूर_व्यायामशाळा
हे फार उपयोगी. दोन शंका. प्रत्येकाची आवड वेगळी, मग एकच स्पीकर कोणाचा? आणि काही पोरं गाण्याच्या जोशात अति चढतात, स्क्वॉटला घाईनं खाली जातात.

लोखंड_अमरावती
आवडीचं गाणं नावडत्यापेक्षा जास्त चालतं, म्हणून पाळी लावा: ज्याचा जड सेट, त्याचं गाणं. एक गाणं साडेतीन-चार मिनिटांचं असतं आणि जड सेटनंतरची विश्रांतीही तीन ते पाच मिनिटांची. एक गाणं म्हणजे एक विश्रांती, घड्याळ बघायची गरजच नाही. फक्त गाणं पुढे ढकलायची सवय मोडा, नाहीतर विश्रांती दीड मिनिटावर येते आणि चौथ्या सेटला रेप्स पडतात. मग सगळे दोष आहाराला देतात. सर्वांत आवडतं गाणं रोज वाजवू नका, कान सरावतो. आठवड्याच्या एका जड दिवसासाठी राखून ठेवा.

चढणाऱ्यांसाठी गाणं लिफ्टच्या तीस सेकंद आधी बंद. दोन संथ श्वास, पायांची जागा, मग बार. डेडलिफ्टला थोडी जास्त धग चालते, स्क्वॉट आणि बेंचला कमी, स्नॅचला (जमिनीवरून एका झटक्यात बार डोक्यावर नेणं) त्याहून कमी, कारण तिथं अंगुळभर वाट चुकली की बार गेला. असा मुलगा कॉफी घेऊन येत असेल तर त्या दिवशी त्याला शांत गाणं द्या. दोन्ही एकत्र देऊ नका.

पंच_वर्धा
लोडशेडिंगचा वेळ माहीत असेल तर तोच शांततेच्या सिंगल्सचा वेळ ठेवा. पण उजेड पुरेसा असेल तरच. अंधारात कोणाला बेंचवर झोपवू नका.