चार धुराडी की एक?

उंबरठा
काल इथे एकांनी लिहिलं की ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेले लोक आता नव्वदीत आहेत, त्यांच्या सांगण्यात चुका निघतात, म्हणून यापुढे इतिहास फक्त कागदपत्रांवरून सांगावा. साक्षी ‘डोळे पुसायला ठीक’. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

येल विद्यापीठात अशा साक्षींचं चित्रीकरण होत असे. तिथे साठी ओलांडलेली एक बाई अगदी हळू आवाजात बोलत होती. ऑक्टोबर १९४४ वर आली आणि तिचा आवाज एकदम चढला. नाझींच्या ऑश्विट्झ मृत्यूछावणीत दहनभट्ट्यांवर जुंपलेल्या ज्यू कैद्यांनी उठाव केला, तो हा दिवस. चार धुराडी पेटून उडाली, असं ती म्हणाली. पुढे एका परिषदेत इतिहासकारांनी ही साक्ष बाद ठरवली, कारण उडालं होतं एकच. साक्ष घेणारे डोरी लाउब मनोविश्लेषक होते, स्वतः लहानपणी छावणीतून वाचलेले. त्यांचं म्हणणं असं की ती बाई धुराडी मोजून द्यायला आलेली नव्हती. जिथे ज्यू माणूस उलटून वार करेल हे कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं, तिथे तो केला गेला, आणि हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या उठावासाठी लागलेली बंदुकीची दारू शेजारच्या कारखान्यात राबणाऱ्या ज्यू मुलींनी थोडी थोडी करून, अंगावर लपवून बाहेर काढली होती. त्यांतल्या चौघींना जानेवारी १९४५ मध्ये फासावर दिलं. सोव्हिएत लाल सैन्य २७ जानेवारीला छावणीत पोचलं. तीन आठवडे, फक्त.

आणि कागद कागद म्हणताय ते लिहिले कुणी? मारणाऱ्यांनी. त्यांत ठार मारण्याला ‘विशेष वागणूक’ म्हटलंय.

दगडफूल
काल ते लिहिणारा मीच. ‘डोळे पुसायला’ हे शब्द मागे घेतो, मुद्दा नाही.

३१ वर्षं कोर्टात लघुलेखक होतो. ओळखपरेडीत एका बाईने एका पोराकडे बोट दाखवलं, रडत रडत. खोटं बोलत नव्हती ती, तिची खात्रीच होती. पोरगा चार वर्षं आत राहिला, मग खरा माणूस दुसऱ्याच प्रकरणात सापडला. त्या पोराच्या आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

आता डेम्यान्युक बघा. त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीतून वाचलेल्यांनी जेरुसलेमच्या कोर्टात शपथेवर सांगितलं, हाच तो तिथला क्रूर पहारेकरी ‘इव्हान द टेरिबल’. १९८८ ला फाशीची शिक्षा झाली. १९९३ ला इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण सोव्हिएत कागदांत दुसऱ्याच माणसाचं नाव निघालं. शेवटी २०११ ला जर्मनीत तो दोषी ठरला तो सोबिबोर छावणीचा पहारेकरी म्हणून, आणि त्यात वजन पडलं ओळखपत्राचं. लंडनला वंशसंहार नाकारणाऱ्या अर्विंगने, त्याला तसं म्हणणाऱ्या इतिहासकार लिपस्टाट बाईंवर अब्रुनुकसानीचा खटला भरला, तेव्हाही बचावपक्षाने वाचलेला एकही माणूस साक्षीला आणला नाही. कागद आणि इतिहासकार यांच्या जोरावर २००० साली जिंकले. साक्षीत एक चूक ठेवलीत की नाकारणारे त्याच भोकातून आत शिरतात. मला त्यांना ते भोक द्यायचं नाही.

भाकरतुकडा
तुमचं धुराड्यांचं चालू द्या, पण आपल्या स्टँडवरच्या बुकस्टॉलवर हिटलरचं आत्मचरित्र अजून व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत लावलेलं असतं. शिस्तीच्या मास्तरांना आपण कौतुकाने ‘हिटलर’ म्हणतो. २००६ ला खारघरमध्ये त्याच्या नावाचं हॉटेल निघालं, मुंबईच्या ज्यूंनी आवाज उठवल्यावर नाव बदललं. कोकणात शेकडो वर्षं बेने इस्रायली ज्यू शेजारी असलेल्या आपल्या मुलखात ही गत. आधी याची लाज वाटू दे.

पंचगंगा
आपल्या मुलखाची दुसरी बाजूही आहे. युद्धात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला ज्यूंची छावणी होती. माझे पणजोबा तिथे दूध घालायचे आणि दहा वर्षांची आजी त्यांच्याबरोबर जायची. ती सांगायची, “ती गोरी बया जेवण झाल्यावर टेबलावरचा पावाचा चुरा तळहातावर गोळा करायची अन् डोळं मिटून खायची. पोटभर मिळत असतानाबी.”

दगडफूल
क्षमा करा, पण हेच ते. वळिवड्याची छावणी ज्यूंची नव्हती. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक होते, बहुतेक बाया आणि मुलं, बहुतेक कॅथलिक. त्यांना घराबाहेर काढलं होतं ते स्टालिनने, हिटलरने नाही. सैबेरियातून सुटून इराणमार्गे आले होते. तुमच्या आजींची साक्ष घेऊन इतिहास लिहिला असता तर काय झालं असतं?

पंचगंगा
माझ्या आजीला खोटं पाडायची तुमची हिंमत कशी होते? पाचही इयत्ता न शिकलेल्या बाईला पोलंड कुठे आणि सैबेरिया कुठे! तिने चुरा पाहिला. तो चुरा कुठल्या कागदात आहे, दाखवा.

गांधीनगरी
वळिवड्याचं निघालंच आहे म्हणून लिहितो. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी आम्हा सिंधी निर्वासितांना वसवलं, तेच आजचं गांधीनगर. माझे आजोबा म्हणायचे, बराकीत आलो तेव्हा भिंतीवर खिळ्याने कोरलेली अक्षरं होती, कुणालाच वाचता येत नव्हती. आज्जीने त्यावरून चुना मारला. आजोबा फाळणीतून कसे आले हे त्यांना जन्मात कुणी विचारलं नाही, आम्हीसुद्धा नाही. ज्यूंच्या वंशसंहाराच्या पन्नास हजारांवर साक्षी एकट्या स्पीलबर्गच्या संस्थेने चित्रित करून ठेवल्या. मला त्यांचा हेवा वाटतो, राग नाही. पण आमच्या गल्लीत विचारण्यासारखा आता एकही म्हातारा उरलेला नाही. तुम्ही ‘चूक की बरोबर’ यावर भांडताय. आमच्याकडे चुकीचीसुद्धा साक्ष नाही.

दगडफूल
गांधीनगरी, हे वाचून गप्प बसलो होतो.
पंचगंगाताई, खोटं म्हणालो नाही, चूक म्हणालो. कोर्टात या दोन शब्दांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. तरी तुम्हाला लागलं, त्याबद्दल माफी.

उंबरठा
दगडफूलकाका, तुमच्याच दाखल्यांवर येते. डेम्यान्युकला सोडवणारे ते ‘सोव्हिएत कागद’ म्हणजे त्रेब्लिंकाच्या पहारेकऱ्यांचे जबाब होते. म्हणजे साक्षच, फक्त मारणाऱ्यांची. आणि लंडनच्या खटल्यात वाचलेल्यांना आणलं नाही त्याचं एक कारण असं की अर्विंग स्वतः उलटतपासणी घेणार होता. त्याच्या तोंडी त्यांना द्यायचं नव्हतं.

आता कागदाची गोष्ट. जानेवारी १९४३ मध्ये हॉफ्ले नावाच्या नाझी अधिकाऱ्याने पाठवलेली तार ब्रिटिशांनी पकडली होती. ती दप्तरात पडून राहिली आणि २००० च्या सुमारास कुणाच्या तरी लक्षात आली. १९४२ अखेरपर्यंत चार छावण्यांत किती ज्यू आणले त्याचा तो हिशेब, एकूण १२,७४,१६६. त्यात त्रेब्लिंकापुढे आकडा आहे ७१,३५५. बेरीज जुळत नाही. जुळते ती ७,१३,५५५ धरले तर. एक पाच गळलाय. धुराडी तीन जास्त झाली म्हणून ती बाई बाद. इथे तर सव्वासहा लाखांवर माणसं गळली, तरी तार बाद केली का कुणी? नाही, दुरुस्त करून वाचली. तसंच बाईचंही वाचा, एवढंच मागते.

त्याच तारेत बेल्झेक छावणीचा आकडा आहे ४,३४,५०८. तिथे नाझींनी प्रेतं उकरून जाळली आणि वर झाडं लावली. तिथून वाचून युद्धानंतर आतलं सांगणारे दोघे, रुडॉल्फ रेडर आणि खाइम हिर्शमन. हिर्शमनने १९ मार्च १९४६ ला लुब्लिनमध्ये साक्ष द्यायला सुरुवात केली. साक्ष अर्धी राहिली, कारण त्याच दिवशी त्याचा खून झाला. उरलेलं त्याच्या बायकोने, त्याच्याकडून ऐकलेलं, सांगितलं.

दगडफूल
ऐकीव पुरावा. आमच्या कोर्टात टिकला नसता.

उंबरठा
मग फेकून देऊ?

दगडफूल
नाही.

तारेचं मला माहीत नव्हतं. कालपासून तीनदा बेरीज केली, तुमचं बरोबर आहे. पण आरोपी समोर उभा असेल तर साक्षीवरून बोट दाखवायला माझा विरोध कायम राहील, त्या पोरासाठी. बाकी साक्ष ठेवावी, शेजारी तारीख आणि दुरुस्ती लिहून ठेवावी, मूळ शब्दाला हात न लावता. याहून जास्त मी वाकणार नाही.

पंचगंगाताई, आजींनी सांगितलेलं लिहून ठेवलंय का? ‘ज्यू’ शब्दासकट लिहा.

पंचगंगा
अजून राग गेलेला नाही. पण खरं सांगते, लिहिलेलं काही नाही. आजी जाऊन दहा वर्षं झाली. दुपारी आईला फोन केला. ती म्हणते, बाई पाव खायचीच नाही. चुरा पुडीत बांधून उशाला ठेवायची. म्हणजे आता माझ्याकडे दोन गोष्टी झाल्यात, आणि कुठली आजीची हे सांगायला कुणी नाही. मामाला विचारते.