मिल लॅक्सवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठी मस्की: जागा, वेग आणि सामान

उत्तरकाठ

नमस्कार मंडळी. मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा दुसरा आठवडा या काळात सहा दिवस मस्की (गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) गरवायचा बेत आहे. बोटीत दोघं असू. तळं १,३२,००० एकरांच्या घरात, त्यात मस्की विरळ, आणि जी आहे तिच्यापुढून वर्षभर शेकडो आमिषं गेलेली. मासा एकच मिळाला तरी चालेल, पण ५० इंचांच्या वरचा हवा.

सामान असं: १८ फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट, पुढे स्पॉट लॉकवाली (बोट एकाच जागी धरून ठेवणारी) ट्रोलिंग मोटर, साइड इमेजिंगचा सोनार. ८ फुटी हेवी रॉड, ६५ पौंडी ब्रेड (विणलेली दोरी). आमिषांत १० नंबरच्या दोन पात्यांचे बकटेल (फिरत्या पात्यांचं केसाळ आमिष), मॅग्नम बुलडॉग (मोठं रबरी आमिष) आणि ९ इंची क्रँकबेट (ओढलं की खोल जाणारं, माशाच्या आकाराचं कडक आमिष).

टर्नओव्हर (शरदात पाण्याचे थर उलटणं) संपेपर्यंत थांबावं का? पाणवनस्पतींची कड सोडून खडकांवर कधी जायचं? कास्टिंग (आमिष फेकून ओढणं) करावं की ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढणं)? जिवंत सकर (आमिषाचा मासा) लावावा का?

---

खडकवाट

टर्नओव्हरची काळजी या तळ्यावर सोडून द्या. मिल लॅक्सची सर्वांत खोल जागा ४२ फूट आणि पसारा एवढा मोठा, की उन्हाळाभर वारा पाणी वरपासून खालपर्यंत ढवळत राहतो. खोल तळ्यात वर गरम आणि खाली गार असे दोन थर बसतात आणि शरदात ते उलटतात, तसं इथे ठळकपणे होतच नाही. सप्टेंबरअखेर मस्की गायब झाल्यासारखी वाटते ती वनस्पती मरायला लागतात म्हणून. तपकिरी, मऊ पडलेल्या वनस्पतींत लहान मासे थांबत नाहीत, मग मोठेही थांबत नाहीत. रुंद पानांचं कॅबेज (ही एक पाणवनस्पती) जिथे अजून हिरवं आणि ताठ आहे तो तुकडा मात्र सोडू नका. पाणी ५५ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरेतो असा एखादा हिरवा तुकडा अख्ख्या मेलेल्या कडेपेक्षा मोलाचा असतो.

५० च्या खाली उतरलं की खडक. तुमचे सहा दिवस याच काळात येतात, त्यामुळे मी तरी वेळेचा तीन-चतुर्थांश भाग खडकांनाच देईन.

कारण टलिबी. सिस्कोच्या कुळातला हा चांदीसारखा, चरबीदार मासा नोव्हेंबरच्या सुमारास, पाणी चाळिशीच्या सुरुवातीला आलं की, उथळ खडी-खडकांवर रात्री अंडी घालायला येतो. मोठी मादी मस्की दिवसा त्या खडकांच्या सर्वांत जवळच्या खोल कडेला पडून राहते आणि उजेड उतरला की वर सरकते. म्हणून नकाशावर नुसता ‘खडक’ शोधू नका. वरचा माथा ४ ते ८ फुटांवर, आणि एका बाजूने उतार झपाट्याने १८-२० फुटांपर्यंत जातो, असा खडक शोधा. चारी बाजूंनी हळूहळू उतरणाऱ्या सपाट खडकावर मासा कुठेही असू शकतो. तीव्र उताराच्या खडकावर तो कुठे असेल ते सांगता येतं: बाहेर आलेल्या नाकाडावर, किंवा आत वळलेल्या खाचेत.

दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बाजूला असे खडक भरपूर आहेत. मधल्या आणि उत्तरेच्या भागातल्या मड फ्लॅट्सवर (चिखलाच्या तळाचे सपाट उंचवटे) टलिबीचे थवे मोकळ्या पाण्यात फिरतात आणि त्यांच्यामागे मस्कीही असते, पण सहा दिवसांत ते मोकळं पाणी पिंजून काढणं हा जुगार आहे.

तापमान सकाळी घ्या. दुपारचं ऊन वरचा एक फूट दोन-तीन अंशांनी वाढवून दाखवतं. वाकॉन, आयल, कोव्ह हे कोपऱ्यातले उथळ उपसागर मुख्य तळ्याच्या आधी गार होतात. त्यामुळे एखाद्या उपसागराच्या तोंडावर ४३ आणि मोकळ्या पाण्यातल्या खडकावर ४६ असं एकाच दिवशी दिसू शकतं. पहिल्या दिवशी दोन्हीकडचं तापमान लिहून ठेवा. पुढचे पाच दिवस ठरवायला ते कामी येईल.

---

सावकाश

जागेबद्दल वर आलंच आहे, मी सामानावर लिहितो, कारण तुमच्या यादीत दोन गोष्टी मासा हातचा घालवतील.

६५ पौंडी ब्रेड बदला. मॅग्नम बुलडॉग साधारण ८ औंसांचा. जोरात फेकताना रिळात गुंता झाला तर तो धक्का ६५ ची दोरी सहन करत नाही आणि आमिष एकटंच उडून जातं. ८० किमान, १०० उत्तम. १०० ची दोरी जाड असल्यामुळे रिळावर स्वतःच्या थरांत रुतत नाही, हा आणखी एक फायदा. ८ फुटी हेवी रॉडने मॅग्नम दिवसभर फेकला तर खांदा जाईल आणि तिसऱ्या दिवशी फेक अर्ध्यावर येईल. ९ फुटी एक्स्ट्रा हेवी घ्या. एक पौंड वजनाचा पाउंडर (बुलडॉगचाच आणखी मोठा प्रकार) तर त्या ८ फुटीवर लावूच नका.

लीडर (दोरी आणि आमिष यांमधला मजबूत तुकडा) १३० पौंडी फ्लुरोकार्बनचा, १२ इंच. त्याहून लांब असला तर बोटीशेजारी आठचा आकडा काढताना (फेक संपताना आमिष पाण्यात ८ च्या आकारात फिरवताना) तो रॉडच्या टोकाशी अडतो. खडकांवर झेब्रा शिंपले आहेत, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. तळाला आमिष घासलं की लीडरवरून नख फिरवा. खरखर लागली की लगेच बदला, ‘अजून दोन फेकी’ करू नका.

या शिंपल्यांमुळे पाणी पूर्वीपेक्षा बरंच स्वच्छ झालंय. त्यामुळे निरभ्र, शांत दुपारी मोठा मासा आमिषामागे येतो, बघतो आणि वळतो. सूर्यास्ताच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास तळ्यातल्या सर्वांत चांगल्या खडकासाठी राखून ठेवा. चंद्रोदय त्याच वेळेच्या आसपास असेल तर आणखी उत्तम.

रबरी आमिष ओढायची पद्धत: पडल्यावर सरळ बुडू द्या. साधारण सेकंदाला एक फूट जातं, पण तुमचं नेमकं किती ते बोटीशेजारी मोजून घ्या. १० फूट पाण्यात ६-७ मोजून थांबवा. मग रॉड खाली ठेवून दीड-दोन फुटांची ओढ, आणि दोन-तीन सेकंद थांबा. मासा बहुतेक वेळा या थांब्यातच, आमिष खाली जाताना घेतो. तेव्हा दोरी पूर्ण ढिली असेल तर कळतच नाही. जेमतेम ताणलेली ठेवा. गार पाण्यात धक्का असा बसत नाही, दोरी नुसती जड होते किंवा बाजूला सरकते. शंका आली की झटका द्या. रॉड वर उचलून नव्हे, पाण्यालगत आडवा, कंबरेतून, दोनदा. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) जवळजवळ पूर्ण आवळलेला हवा. मस्कीचा जबडा हाडाचा असतो आणि मोठं रबर तिने दातांत घट्ट धरलेलं असतं. ते दातांतून सरकल्याशिवाय गळ रुतत नाही. त्यासाठी गळाची टोकं रोज कानशीने घासा.

आठचा आकडा प्रत्येक फेकीनंतर, मासा दिसो न दिसो. उन्हाळ्यापेक्षा हळू, वळण रुंद, निदान दोन पूर्ण फेऱ्या. अंधारात तीन. टोक आणि लीडर यांच्यात फूटभर दोरी सुटी ठेवा.

बकटेल घरी ठेवले तरी चालतील. ४८ च्या खाली ते उपयोगी पडत नाहीत असं नाही, पण पाती फिरत राहावीत म्हणून जो किमान वेग लागतो तोच या पाण्यात जास्त होतो.

---

उत्तरकाठ

दोघांचेही आभार. ब्रेड आणि रॉड बदलतो. ट्रोलिंगबद्दल कुणी लिहिलं नाही. एवढ्या मोठ्या पाण्यावर फेकत बसण्यापेक्षा ते बरं नाही का? आणि वारा असेल तर कुठल्या बाजूने उतरायचं?

---

दोरीमोज

ट्रोलिंग कराच, पण मिनेसोटात मोकळ्या पाण्यात माणशी एकच दोरी चालते हे धरून. दोघांच्या दोनच. दुसऱ्या राज्यांत सहा-आठ दोऱ्या पसरून पाणी गाळून काढतात, ते गणित इथे लागू नाही. म्हणून मोकळं पाणी नको, खडकाची कड धरा.

माथा १० फुटांवर असेल तर क्रँकबेट ८-९ फुटांवर चालला पाहिजे: अधूनमधून खडकाला टक् करून उडणारा, पण सतत खरडणारा नाही. त्या टकरीनंतरच्या अडखळण्यातच मासा मारतो. एक आमिष माथ्यालगत, दुसरं उताराबाहेर १२-१४ फुटांवर. लाइन काउंटरचं रीळ हवंच. मासा लागला तेव्हा ७० फूट सोडलेली की ९० हे माहीत नसेल तर ती फेरी पुन्हा तशीच मारता येत नाही.

वेग: पाणी ५० च्या आसपास ताशी ३ ते ३.५ मैल, ४५ च्या खाली २.५ ते ३. सरळ रेषेत जाऊ नका. नागमोडी गेलात की बाहेरच्या बाजूचं आमिष वेग घेतं आणि आतलं मंदावतं. कुठल्या वळणावर मासा आला ते लक्षात ठेवा, त्यावरून त्या दिवशीचा वेग ठरतो.

ब्रेड ताणत नाही. कास्टिंगचा आवळलेला ड्रॅग तसाच ठेवून ट्रोल केलं तर पहिल्याच झटक्यात गळ मांस फाडून निघतो. चालत्या बोटीत दोरी सरकणार नाही इतपतच ड्रॅग आवळा आणि क्लिकर (दोरी सुटली की वाजणारी कळ) लावा. रॉडच्या टोकाची थरथर बघत राहा. ती थांबली म्हणजे गळावर मेलेली वनस्पती अडकली. वाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर ती पाचेक मिनिटांनी अडकते, आणि असं आमिष तासभर ओढणं म्हणजे तासभर काहीच न करणं.

माझ्या मते दिवस असा वाटा: दुपारी ट्रोलिंगने चार-पाच खडक तपासा, सोनारवर टलिबीचे थवे कुठल्या कडेला आहेत ते बघा, आणि संध्याकाळी त्यातल्या एकावर स्पॉट लॉक लावून फेका.

वाऱ्याचं उत्तर स्पष्ट देतो. थंड लाटेनंतर इथे वायव्येचा वारा येतो. तो पूर्व आणि दक्षिण काठावर आदळतो, आणि उथळ पाण्यामुळे लाटा आखूड, उंच आणि एकमेकींना लागून उठतात. ताशी २० मैलांच्या वाऱ्यात १८ फुटी बोट तिकडे नेऊ नका. त्या दिवशी पश्चिमेला, गॅरिसन ते व्हाइनलँडच्या आडोशाला राहा. वारा पडला की दुसऱ्या दिवशी, तो जिथे आदळत होता त्या खडकांवर जा.

---

पुलनचा_पाहुणा

मी समुद्रावर गरवणारा, या माशाची काहीच माहिती नाही. एवढा खटाटोप करून मासा परतच सोडायचा? खात नाहीत का?

---

खडकवाट

मिनेसोटात ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवताच येत नाही. म्हणजे उत्तरकाठ यांना हवा तो ५० इंची मासा कायद्यानेच सोडावा लागेल. पण कायदा नसता तरी सोडावा. एवढी वाढ व्हायला साधारण १५ वर्षं लागतात, आणि मिल लॅक्समधली मस्की मुख्यतः राज्याच्या खात्याने पिल्लं सोडून टिकवलेली आहे. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, तेही आहेच. अशी सोडलेली मस्की किती वाढू शकते ते याच तळ्याने दाखवलंय: २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये इथे ५५ पौंड १४.८ औंसांची मिळाली आणि १९५७ पासूनचा ५४ पौंडांचा राज्यविक्रम मोडला.

वजनाची उत्सुकता असते, पण त्यासाठी वजनकाट्याला टांगू नका, मणका आणि जबडा दुखावतो. लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००. मापं इंचांत, उत्तर पौंडांत. ५० इंच लांब आणि २४ इंच घेर म्हणजे ३६ पौंड.

---

थंडपाणी

सोडायचा आहे तर सोडण्याचं सामान आमिषांइतकंच महत्त्वाचं.

खोल, रबराचा लेप दिलेली, गाठी नसलेली मोठी जाळी. लांब नाकाची पक्कड. आणि गळ कापणारी कातर, जी जाड तिहेरी गळ एका दाबात तोडेल. मासा जाळीत, पाण्यातच ठेवा. गळ दोन सेकंदांत निघत नसेल तर कापा. फोटोआधी सगळं तयार करा, मग मासा आडवा, दोन्ही हातांवर, एका श्वासाइतका वेळ वर. हवा ३२ अंशांच्या खाली आणि वारा असेल तर वर काढूच नका: कल्ले आणि डोळे गोठतात. मासा पोहून जातो, पण ती इजा त्याच्यासोबत जाते.

सकर: चालतो, गार पाण्यात चांगलाच चालतो. पण एक दोरीचा नियम इथेही आहे. ज्याची दोरी सकरवर, त्याने फेकायचं नाही. दोघांपैकी एकाने सकर धरायचा, दुसऱ्याने फेकायचं. क्विक स्ट्राइक रिगच लावा, म्हणजे मस्कीने सकर आडवा धरल्याबरोबर झटका देता येतो. एकेरी गळ लावून ‘गिळू दे’ म्हणून थांबलात तर गळ पोटात रुततो आणि सोडलेला मासा नंतर मरतो. रिगच्या गळांची संख्या आणि लांबी चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेतून जुळवून घ्या.

रॉडच्या कड्यांत बर्फ धरेल. ब्रेड पाणी वाहून आणते. कड्यांना पेट्रोलियम जेली चोळा, आणि बर्फ धरला तर टोक पाण्यात बुडवा, बोटांनी तोडू नका, कडीतलं अस्तर निघतं.

आता तुमचं स्वतःचं. ४५ अंशांच्या पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला तासभर. जाड कपड्यांवर लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगात हवं, सीटखाली नाही. बोटीवर मागे शिडी हवी, आणि इंजिनचा किल स्विच (ओढला की इंजिन बंद करणारा) मनगटाला.

---

उत्तरकाठ

फार उपयोगी. दोन जाड जॅकेटं आणि कातर आजच घेतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर आणखी एक फेरी जमली तर चालेल का, की हंगाम संपतो?

---

थंडपाणी

हंगाम १ डिसेंबरपर्यंत. अडचण असते ती उपसागरांच्या तोंडाशी धरणाऱ्या बर्फाची आणि रॅम्पवर (बोट उतरवायचा उतार) गोठणाऱ्या पाण्याची. निघताना तळाची बुचं काढून बोट आणि लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) रिकामी करावीच लागते, झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून तसा कायदाच आहे. पण ते पाणी उतारावर सांडू नका, मागून येणाऱ्याची गाडी घसरते. वर सपाटीला आल्यावर काढा, इंजिन उभं ठेवून त्यातलं पाणी पूर्ण गळू द्या, आणि मोटर, ट्रेलर, नांगराची दोरी यांवरचं प्रत्येक पान हाताने काढा.